गाडी लो केली आणि दणके सुरू झाले: आधी ट्रॅव्हल मोजा, मग पार्ट बदला

गाडीची उंची कमी करणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग टाकल्या, गाडी दिसायला झकास झाली, आणि दोन-चार दिवसांतच मागच्या सीटवरून कुरकुर सुरू झाली: "प्रत्येक खड्ड्यात आदळतेय." मग शॉकअप बदलले जातात. थोडा फरक पडतो, महिन्याभरात पुन्हा तेच. मग टायरमधली हवा कमी करून पाहिली जाते, मग दुसऱ्या कंपनीच्या स्प्रिंग येतात, आणि शेवटी "लो गाडी म्हटली की दणके खायचेच" असं म्हणून माणूस गप्प बसतो.

गप्प बसायची गरज नसते. साधारण २५ ते ३५ मिमी लो केलेली नेहमीची प्रवासी गाडी मूळ गाडीइतकी मऊ राहत नाही हे खरं, पण तिने आदळावं असंही काही नाही. आदळत असेल तर दोष शोधता येतो. बहुतेक वेळा तो स्प्रिंगच्या कडकपणात नसतोच. तो असतो बंप स्टॉपपर्यंत (चाक फार वर जाऊ नये म्हणून बसवलेल्या मऊ ठोकळ्यापर्यंत) उरलेल्या अंतरात, म्हणजे ट्रॅव्हलमध्ये, नाहीतर पिळलेल्या अवस्थेत आवळलेल्या रबर बुशमध्ये (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरात). या दोन्ही गोष्टी एकही पार्ट विकत न घेता तपासता येतात, आणि नेमक्या याच दोन कोणी तपासत नाही.

दणका कुठला ते आधी ओळखा

"राइड बिघडली" एवढ्यावरून काही हाती लागत नाही. ओळखीच्या रस्त्यावर, गाणी बंद ठेवून जा आणि नेमकं काय होतं ते बघा. जमलं तर दुसऱ्याला चालवायला देऊन स्वतः मागे बसा. स्टिअरिंग हातात असलं की अर्धं लक्ष तिकडेच जातं.

मोठ्या खड्ड्यात किंवा स्पीड ब्रेकरवरून उतरताना एकच "धप्प" असा दणका बसतो, पण बारीक खडबडीत रस्त्यावर गाडी ठीक चालते, असं असेल तर सस्पेन्शन बंप स्टॉपवर आपटतंय. माणसं बसल्यावर हाच दणका वाढला तर शंकाच नको.

याच्या उलट, बारीक खडीवर आणि रस्त्याच्या सांध्यांवर सतत थडथड होते, मोठे खड्डे मात्र त्या मानाने बरे जातात, असं असेल तर टायर, हवेचा दाब, शॉकअपचं फार घट्ट सेटिंग किंवा पिळलेले बुश यांच्याकडे वळा. दणका नाही, पण एका उंचवट्यानंतर गाडी दोन-तीनदा वरखाली डुलत राहते, तर शॉकअप स्प्रिंगला पुरत नाहीत. चाक खाली सुटताना "टक" असा कोरडा आवाज आला तर शॉकअप पूर्ण ताणला जाऊन आतल्या आत टोकाला थडकतोय. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर स्प्रिंग "टंग" करून वाजली तर ती सीटच्या (स्प्रिंगचं टोक ज्यात बसतं त्या बशीच्या) खाचेत नीट बसलेली नाही, किंवा टॉप माउंटचं (शॉकअपचं वरचं टोक धरणाऱ्या भागाचं) बेअरिंग अडकतंय.

एक लक्षण हमखास नजरेतून सुटतं. सलग चार-पाच उंचवटे असतील तर पहिला मऊ जातो आणि पुढचा प्रत्येक आधीच्यापेक्षा कडक लागतो. त्याबद्दल शॉकअपच्या भागात लिहिलंय, कारण त्यावर लोक जो उपाय करतात तो नेमका उलटा असतो.

उरलेला ट्रॅव्हल मोजा

उंची मोजताना जमिनीपासून फेंडरपर्यंत टेप लावू नका. त्यात टायरची साइज आणि हवाही मोजली जाते. चाकाच्या मध्यापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. गाडी सपाट जागी हवी. जॅकवरून नुकतीच उतरवली असेल तर आधी चार-पाच मीटर पुढे-मागे ढकलून घ्या, कारण जॅकवरून खाली येताना चाकं आत ओढलेली राहतात आणि गाडी खऱ्या उंचीपेक्षा वर दिसते. "स्प्रिंग टाकूनही मागून लो झालीच नाही" अशा कितीतरी तक्रारी इतक्यावरच मिटतात.

स्प्रिंग बदलायला काढल्या असतील तेव्हाच आणखी एक माप घेऊन ठेवावं. शॉकअप आणि बंप स्टॉप जागेवर, स्प्रिंग बाहेर, गाडी बॉडीखाली स्टँडवर. आता हबखाली (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाखाली) जॅक लावून हळूहळू वर न्या. बंप स्टॉप जिथे नुसता टेकतो, दबत नाही, तिथे थांबा आणि हबचा मध्य ते फेंडरची कड मोजा. चाकांवर उभ्या असलेल्या गाडीच्या मापातून हे माप वजा केलं की उरतो तो तुमचा मोकळा ट्रॅव्हल. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

स्प्रिंग आधीच बसवून झाल्या असतील तर शॉकअपचं धुळीचं कव्हर वर सरकवा आणि चकचकीत रॉडवर एक झिप टाय हलक्या हाताने आवळून शॉकअपच्या बॉडीला टेकवून ठेवा. नेहमीच्या रस्त्याने, नेहमीची माणसं घेऊन फिरून या. टाय रॉडवर जिथवर वर ढकलला गेला तिथवर शॉकअप दबला होता. टाय बंप स्टॉपात जाऊन रुतलेला मिळाला तर उत्तर मिळालं. जिथे रॉडपर्यंत हात पोचत नाही तिथे बंप स्टॉपच्या टोकाला प्लॅस्टिसिनचा छोटा गोळा चिकटवा आणि तो किती चपटा होतो ते बघा. शॉकअप चाकापासून आतल्या बाजूला किंवा तिरका बसवलेला असेल तर रॉडवरचे १० मिमी म्हणजे चाकाचे १४ मिमीही असू शकतात, हा हिशेब मनात असू द्या.

आता आकडे घालून बघू. समजा मागच्या एका चाकावर स्प्रिंगने तोललेलं वजन २५० किलो आहे, चाकापाशी धरलेला कडकपणा २० न्यूटन प्रति मिमी (म्हणजे १ मिमी दाबायला २० न्यूटन बळ लागतं), आणि बंप स्टॉपपर्यंत ७५ मिमी मोकळे आहेत. मागे बसलेली माणसं आणि सामान मिळून मागच्या ॲक्सलवर १६० किलो आले, म्हणजे एका चाकावर ८०. हे साधारण ७८५ न्यूटन होतात. गाडी ३९ मिमी खाली बसली आणि ३६ मिमी उरले. आता ३५ मिमी लो करणारी, ३० टक्के कडक स्प्रिंग टाका. कडकपणा २६ झाला, त्यामुळे तेवढ्याच वजनाने गाडी ३० मिमीच बसते. पण सुरुवातच ४० मिमीपासून झाली होती. उरले फक्त १० मिमी.

एकट्याने चालवून "राइड मस्त आहे" म्हणणारा मालक आणि मागे बसून पाठ धरणारी माणसं, दोघंही खरंच बोलत असतात. म्हणून चाचणी घ्यायची तर भरलेल्या गाडीत.

याच हिशेबाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. स्प्रिंग जी ऊर्जा झेलते ती दबलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मोकळं अंतर ७५ वरून ४० वर आलं आणि बंप स्टॉपला न लागता तेवढाच दणका झेलायचा म्हटलं, तर स्प्रिंग साडेतीन पट कडक लागेल. रोजच्या गाडीत तेवढी कडक स्प्रिंग कोणी घालत नाही, घालूही नये. त्यामुळे राइड वाचवायची म्हणजे आधी ट्रॅव्हल वाचवायचा. ज्या गाडीत मुळातच ६० मिमीच मोकळे आहेत ती ५० मिमी लो केलेली फोटोत छान दिसेल, बसायला कधीच बरी होणार नाही. तिच्यात कितीही महाग शॉकअप घाला.

लो आणि मऊ एकत्र नांदू शकतात हे १९५५ सालीच सित्रोएन डीएसने दाखवलं होतं. तिच्यात स्टीलऐवजी नायट्रोजन वायू स्प्रिंगचं काम करायचा, आणि वजन वाढलं की उंची राखणाऱ्या झडपा तेल आत सोडून गाडी पुन्हा ठरलेल्या उंचीवर आणायच्या. माणसं बसल्यामुळे ट्रॅव्हल खर्चच होत नसे. आजच्या एअर सस्पेन्शनचं खरं मोल यात आहे, बटण दाबून गाडी जमिनीला टेकवण्यात नाही. हवा काढलेल्या उंचीवरच ती चालवली तर तीही शेवटी बंप स्टॉपवरच चालते.

बंप स्टॉप

हा नुसता रबराचा ठोकळा नाही. आजच्या बहुतेक गाड्यांत तो बारीक छिद्रांच्या पॉलियुरेथेनचा असतो, स्वतःच्या उंचीच्या निम्म्याहून जास्त दबतो, आणि गाडी आखणाऱ्यांनी त्याला दुसरी स्प्रिंग म्हणूनच हिशेबात धरलेलं असतं. म्हणून काही गाड्यांत मूळ उंचीवरही तो अगदी जवळ असतो. अशी गाडी लो केली की ती उभ्या उभ्याच त्याच्यावर टेकते. मग पहिल्या मिलिमीटरपासून दोन स्प्रिंग एकदम काम करतात, आणि चालवणाऱ्याला वाटतं की विकत आणलेली स्प्रिंगच फार कडक निघाली.

तो काढून टाकणं हा उपाय नाही. तसं केलं की शॉकअपचा पिस्टन आत तळाला आपटतो. दणका आणखी वाईट बसतो आणि शॉकअप जातो तो वेगळाच. लो गाडीसाठी मिळणारा आखूड, मऊ सुरुवातीचा बंप स्टॉप बसवणं सगळ्यात चांगलं. तो मिळत नसेल तर मूळचा कापता येतो, पण किती कापायचा हे स्प्रिंगसोबतच्या कागदावर दिलेलं असेल तर तेवढाच, अंदाजाने नाही. कापताना निमुळतं टोक राखायचं आणि जाड बाजूकडचा भाग कमी करायचा. निमुळतं टोकच हळूहळू दबत सुरुवात करतं. तेच उडवलं की उरतो तो बोथट ठोकळा, आणि "कापूनही फरक नाही पडला" अशी नवी तक्रार. बंप स्टॉप आखूड झाला म्हणजे चाक आणखी वर जाणार, त्यामुळे स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना टायर फेंडरच्या आतल्या लायनरला किंवा ब्रेकच्या होजला लागत नाही ना, तेही बघून घ्यायचं.

रबर बुश: सगळ्यात दुर्लक्षित जागा

लोअर आर्मच्या (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या दांडीच्या) आतल्या टोकाला असलेला रबर बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. त्याच्या मधली धातूची नळी बोल्ट आवळला की ब्रॅकेटमध्ये घट्ट पकडली जाते, नळीच्या तोंडावरचे बारीक दाते ब्रॅकेटच्या पत्र्यात रुततात. बाहेरचं कडं आर्मबरोबर हलतं. मधलं रबर दोघांनाही चिकटलेलं असतं, म्हणून आर्म वर-खाली होताना ते पिळलं जातं आणि परत यायला बघतं. ज्या कोनात बोल्ट आवळला तोच त्याचा विसाव्याचा कोन.

आता वर्कशॉपमध्ये काय होतं ते बघा. गाडी लिफ्टवर, चाकं खाली लटकलेली, आर्म पूर्ण खाली झुकलेला. त्याच अवस्थेत सगळे बोल्ट आवळले जातात. गाडी खाली उतरली की बुश कायमचा पिळलेला, आणि तो आर्मला सतत खाली ढकलत राहतो. गाडी काही मिलिमीटर वर उभी राहते, बारीक खाचखळग्यांना थडथडते, आणि काही महिन्यांत बुशला तडे जातात. "नवीन बुश टाकले तरी टिकत नाहीत" ही तक्रार बहुतेक इथूनच येते.

याहूनही चुकवणारी गोष्ट म्हणजे, स्प्रिंग बदलताना आर्मचे बोल्ट उघडलेच नसतील तरी बुश पिळतात. ते मूळ उंचीवर आवळलेले होते. तुम्ही गाडी ३५ मिमी खाली आणली, म्हणजे आर्मचा कोन बदलला आणि विसाव्याचा कोन जुनाच राहिला. म्हणून बोल्ट उघडले असोत वा नसोत, लो केल्यावर ते एकदा सैल करून नव्या उंचीवर पुन्हा आवळायलाच हवेत. लोअर आर्म, मागचा ट्रेलिंग आर्म किंवा बीमचे मोठे बोल्ट, आणि शॉकअपच्या खालच्या रबरी डोळ्याचा बोल्ट, सगळ्यांना हेच लागू.

पद्धत सोपी आहे. चारही चाकं एकसारख्या उंचीच्या रॅम्पवर किंवा मजबूत ठोकळ्यांवर, गाडी स्वतःच्या वजनावर उभी. नट सैल करा, काढू नका. बॉनेट आणि डिकीवर दाब देऊन गाडी दोन-चार वेळा झुलवा, तिला बसू द्या, मग टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या आकड्याला आवळा. रॅम्प नसेल तर हबखाली जॅक लावून चाकाचा मध्य ते फेंडर हे माप उभ्या गाडीइतकं आणायचं आणि तिथे आवळायचं; फक्त बॉडी स्टँडवरून उचलली जात नाही ना याकडे डोळा ठेवायचा. काही गाड्यांत हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, तिथे नवे घ्या. बॉल जॉइंट आणि मोकळे फिरणारे पॉलियुरेथेन बुश यांना या सगळ्याची गरज नसते.

थडथडीची तक्रार असेल तर एक रुपयाही खर्च करण्याआधी हे करून बघा. फरक बारीक असतो, पण पहिल्याच खडबडीत तुकड्यावर कळतो.

स्प्रिंग

स्प्रिंगला उगाच जास्त शिव्या बसतात. पुढच्या चाकावर ३५० किलो आणि २० न्यूटन प्रति मिमी असतील तर बॉडीची स्वतःची झुलण्याची गती सेकंदाला १.२ वेळा येते. कडकपणा ३० टक्क्यांनी वाढला तरी ती १.३७ होते, कारण गती कडकपणाच्या वर्गमुळाने वाढते. आरामाच्या गाड्या साधारण १ ते १.५ च्या दरम्यान असतात, म्हणजे आपण अजूनही त्याच घरात आहोत.

बिघडतं ते पुढच्या-मागच्याचं नातं. पुढचं चाक उंचवट्यावर आधी चढतं, मागचं थोड्या वेळाने. मागची गती पुढच्यापेक्षा जरा जास्त असली तर मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि गाडी सपाट वरखाली होते, पुढे-मागे डुचमळत नाही. मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये हे पद्धतशीर अभ्यासलं, आणि आजही प्रवासी गाड्या बऱ्याचदा मागे १० ते २० टक्के जास्त गती धरून आखतात. ट्रॅव्हल मोजतानाच्या उदाहरणात (२५० किलो, २० न्यूटन प्रति मिमी) मागे १.४२ येते, पुढच्या १.२ पेक्षा १८ टक्के जास्त. आता कोणी पुढे ५० टक्के आणि मागे जेमतेम १० टक्के कडक स्प्रिंग घातल्या तर आकडे १.४७ आणि १.४९ होतात. दणका न बसताही मान पुढे-मागे हलत राहते. म्हणून चारही स्प्रिंग एकाच संचातल्या, त्याच मॉडेलच्या आणि त्याच इंजिनाच्या वजनासाठीच्या घ्याव्यात. पुढच्या एका कंपनीच्या आणि मागच्या दुसऱ्या, असलं मिश्रण नको.

प्रोग्रेसिव्ह (दबत जाईल तशी कडक होणाऱ्या) स्प्रिंगचं नाव ऐकून लगेच भुलू नका. तिचे जवळजवळ गुंडाळलेले वेढे सुरुवातीला मऊपणा देतात हे बरोबर. पण गाडीच्या वजनानेच ते वेढे एकमेकांना टेकून बंद झाले असतील, तर चालताना तुमच्या वाट्याला कडक भागच येतो. गाडी उभी असताना टॉर्च मारून बघा, दिसतं.

वेढे कापण्याबद्दल थोडक्यात. कामाच्या पाच वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग २५ टक्के कडक होते, तेवढं एक वेळ चाललं असतं. पण कापलेलं टोक सीटमध्ये बसत नाही, आणि चाक लटकलं की सैल झालेली स्प्रिंग जागा सोडू शकते. तापवून बसवलेल्या स्प्रिंगबद्दल तर बोलायलाच नको: पोलादाचं पाणी उतरतं आणि ती बसतच जाते, नाहीतर तुटते.

शॉकअप आणि कॉइलओव्हर

स्प्रिंग ३० टक्के कडक झाली की शॉकअपची तिला आवरायची ताकद प्रमाणात सुमारे १२ टक्क्यांनी घटते. डॅम्पिंगचं गुणोत्तर (शॉकअप झुलणं किती आवरतो याचं माप) ०.३० असेल तर ०.२६ होतं. चांगल्या अवस्थेतला मूळ शॉकअप एवढं सहज खपवून घेतो. जुना, अर्धा दमलेला शॉकअप घेत नाही, आणि मग दोष नव्या स्प्रिंगच्या नावावर जातो. तेलाचे ओघळ दिसत असतील किंवा गाडी बरीच चाललेली असेल तर स्प्रिंगबरोबरच शॉकअप बदला. ३० मिमीच्या पुढे लो करायचं तर आखूड बॉडीचे, लो गाडीसाठी बनवलेलेच घ्या. नेहमीच्या लांबीचा शॉकअप सतत खालच्या टोकापाशी काम करत राहतो.

आता त्या सलग उंचवट्यांच्या लक्षणाकडे. प्रत्येक पुढचा उंचवटा जास्त कडक लागत असेल तर शॉकअपचा रिबाउंड (दबल्यावर परत ताणला जाताना तो करतो तो विरोध) फार घट्ट आहे. चाक वर जातं, पण पुढचा उंचवटा येईपर्यंत पुरतं खाली येत नाही. प्रत्येक वेळी गाडी थोडी थोडी खाली ओढली जाते, आणि चौथ्या-पाचव्या उंचवट्याला ती बंप स्टॉपवर असते. मालकाला वाटतं की शॉकअप कमी पडतोय, म्हणून तो शॉकअपचा घट्टपणा बदलणारा नॉब आणखी घट्ट करतो. करायचं असतं उलट. नॉब पूर्ण सैल करून सुरुवात करा, गाडी डुलायला लागेल. मग एकेक क्लिक घट्ट करत जा आणि डुलणं थांबलं की तिथेच सोडा. एका नॉबच्या कित्येक शॉकअपमध्ये तो मुख्यतः रिबाउंडच बदलतो, त्यामुळे "सॉफ्टवर ठेवलाय तरी दणके" म्हणणाऱ्याने नॉब सोडून पुन्हा बंप स्टॉपकडे यावं.

कॉइलओव्हरमध्ये (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या, उंची बदलता येणाऱ्या संचात) उंची दोन प्रकारे बदलते आणि त्यांची गल्लत होते. काहींत फक्त स्प्रिंगची खालची सीट खाली-वर होते. सीट खाली नेली की गाडी खाली येते आणि तेवढा ट्रॅव्हल सरळ कमी होतो. काहींत शॉकअपचं खालचं टोकच आत-बाहेर होऊन पूर्ण लांबी बदलते, सीटला हात लावावा लागत नाही. तिथे शॉकअपचा ट्रॅव्हल शाबूत राहतो, फक्त टायर आणि आर्म बॉडीला लागतात का ते बघायचं. या दुसऱ्या प्रकारात सीट वर दाबून "प्रीलोड (वजन यायच्या आधीच स्प्रिंगला दिलेला दाब) वाढवला, आता कडक झाली" असं म्हणणं चूक आहे. एकसारख्या कडकपणाच्या स्प्रिंगचा कडकपणा प्रीलोडने बदलत नाही. बदलतं ते गाडी आपल्या ट्रॅव्हलमध्ये कुठे उभी आहे ते. प्रीलोड फार झाला की चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि तो कोरडा "टक" ऐकू येतो. एकूण ट्रॅव्हलचा साधारण तिसरा हिस्सा खालच्या बाजूला राहू द्यावा.

बऱ्याच तयार कॉइलओव्हर संचांत पुढची स्प्रिंग ६ ते ८ किलो प्रति मिमीची असते, म्हणजे मूळ स्प्रिंगच्या दुप्पट किंवा जास्त. रोज चालवायच्या गाडीसाठी एवढं का घ्यावं, हे मला कधीच पटलेलं नाही. घेणारच असाल तर मऊ स्प्रिंग मागता येतात का ते आधी विचारा.

टायर

गाडी लो करताना बहुतेक जण त्याच दिवशी चाकंही मोठी करतात, आणि मग कोणता त्रास कशाचा हे कळेनासं होतं. २०५/५५ आर१६ ची साइडवॉल ११३ मिमी असते, २२५/४० आर१८ ची ९०. बाहेरचा व्यास जवळपास तोच, पण रस्त्याच्या सांध्यासारखे बारीक तीक्ष्ण धक्के झेलणारं रबर २३ मिमीने कमी झालं, वर चाकही बहुधा जड. हे धक्के इतके झटपट असतात की स्प्रिंगपर्यंत पोचायच्या आधी ते टायरलाच निस्तरावे लागतात. जुनी चाकं अजून जवळ असतील तर एक दिवस ती लावून त्याच रस्त्याने जा. थडथड गेली तर सस्पेन्शनला हात लावायचं कारण नाही. हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. दणके कमी व्हावेत म्हणून त्याखाली उतरू नका, लो प्रोफाइल टायरमध्ये रिम वाकते.

उंची बदलल्याने आणखी काय हलतं

मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत (पुढे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात असलेल्या) लोअर आर्म समोरून बघा. मूळ गाडीत तो आडवा किंवा बाहेरच्या टोकाला किंचित खाली असतो. बाहेरचं टोक आतल्यापेक्षा वर गेलं असेल तर रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या वजनाचा मध्य जितका खाली आला त्याहून जास्त खाली गेलंय, आणि लो असूनही गाडी वळणावर जास्त कलते. मग लोक जाड अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंची चाकं जोडून गाडीचं कलणं रोखणारी दांडी) टाकतात. त्याने कलणं थांबतं, पण एका चाकाचा धक्का दुसऱ्या बाजूलाही जातो आणि डोकं डावी-उजवीकडे हलत राहतं. रोल सेंटर सुधारणारे लांब बॉल जॉइंट मिळत असतील तर ते बसवा, नाहीतर गाडी १० मिमी वर घ्या. बारच्या लिंक आखूड करून बारचा मूळ कोन परत आणणंही उपयोगी पडतं.

काही जुन्या गाड्यांत मागच्या ॲक्सलपासून एक दांडी ब्रेकच्या प्रेशर व्हॉल्व्हला जोडलेली असते. मागची बाजू खाली आली की त्या व्हॉल्व्हला वाटतं गाडी भरलेली आहे, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. रिकाम्या गाडीत मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात. ही दांडी नव्या उंचीला जुळवणं राइडशी संबंधित नसलं तरी टाळता येण्यासारखं नाही.

अलाइनमेंट शेवटी. नव्या स्प्रिंग थोड्या बसतात, बुश पुन्हा आवळल्यावर उंची काही मिलिमीटर बदलते, म्हणून दोन-तीनशे किलोमीटर चालवून मगच करा. टायरची आतली कड झिजते तेव्हा सगळे कॅम्बरला (चाकाचं वरचं टोक आत किंवा बाहेर झुकण्याला) धरतात. टो (चाकं पुढच्या बाजूने आत किंवा बाहेर वळलेली असणं) बिघडलेला असेल तर तो टायर त्याहून लवकर खातो, त्यामुळे कॅम्बर सुधारता येत नसेल तरी टो नक्की करून घ्या. हेडलाइटची पातळी त्याच दिवशी बघा, आणि पुढच्या काचेमागे कॅमेरा असलेली गाडी असेल तर त्याचं कॅलिब्रेशनही. नंतर कधी उंची १० मिमीनेही हलवली तर टो पुन्हा मोजावा लागेल.